नसलेल्या चिमणीचं सर्टिफिकेट

बिशानच्या काकूंचे उपकार आधी सांगतो, मग बाकीचं. बाकीचं आधी सांगायला घेतलं की मी माझीच बाजू मांडत बसतो आणि काकू शेवटच्या ओळीत कशाबशा कोंबल्या जातात. तर, नव्वदीच्या दशकात सिंगापुरात माझं वर्क परमिट टिकलं आणि एका जुन्या बंगल्याचं छप्पर शाबूत राहिलं, ते या बाईंमुळे. त्यांचे यजमान मालवाहू बोटीवर चीफ इंजिनियर, वर्षातले सात महिने समुद्रावर. काकू मूळच्या पुण्याच्या. आठ वर्षांच्या लेकीला घेऊन बिशान या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये एकट्या संसार हाकायच्या.

ओळख गणपतीतली. आरतीनंतर जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे-मागे सगळे पुण्या-मुंबईचे कॉम्प्युटरवाले. एकानं विचारलं, "तू कशात आहेस?"

"चिमणीत," मी म्हणालो.

"अरे वा. स्कोप आहे त्यात," असं म्हणून त्यानं मान डोलावली. बहुतेक कुठली तरी नवी सिस्टीम समजला असावा. त्याच्या मागे काकू होत्या. त्यांना मात्र बरोबर कळलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे काजळी काढतोस? नखांवरून वाटलंच. पोळी घे अजून एक."

तेव्हापासून रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागलो.

आता मी चिमणीत कसा गेलो ते सांगतो. मी नववीत शाळा सोडली. आमच्या कोल्हापूरकडे गुऱ्हाळात चुलवाणापाशी बसून जळण सारणं हे माझं शिक्षण. सिंगापुरात आलो तो जुरोंग ईस्टमधल्या एका दुरुस्ती कंपनीत. जुन्या घरांची कौलं, पन्हळी, हॉटेलांच्या स्वयंपाकघरातले धूर काढायचे पत्र्याचे बोगदे, असली कामं. आमचा सुपरवायझर तिथंच जन्मलेला तमिळ माणूस. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "चिमणी येते?" मी घाबरलेला होतो, आणि घाबरलेल्या माणसाला सगळंच येतं. "येते," म्हणालो. "गुऱ्हाळात होतो." गुऱ्हाळ म्हणजे काय ते त्यानं विचारलं नाही. पुढच्या महिन्यात कंपनीच्या छापील पत्रकावर ओळ आली की आमच्याकडे परदेशात प्रशिक्षण घेतलेला चिमणीतज्ज्ञ उपलब्ध आहे. तो तज्ज्ञ म्हणजे मी.

सिंगापुरात चिमणी कुणाला लागते, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. तिथं दोनच ऋतू, घामाचा आणि पावसाचा. पण गोऱ्या साहेबांनी शंभरेक वर्षांपूर्वी बंगले बांधले तेव्हा आठवणीखातर काहींच्या दिवाणखान्यात शेकोटीही बांधून घेतली. ते साहेब गेले, शेकोट्या राहिल्या. त्यांत कुणी काही पेटवत नसे. पण घरभाड्याच्या करारात लिहिलेलं, चिमणी दरवर्षी साफ करून तपासून घ्यावी. म्हणून आम्ही दरवर्षी जायचो.

अडचण एकच. जिथं जाळ नाही तिथं काजळी कुठली? आणि काजळी निघाली नाही तर गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटत नाही. यावर कंपनीनं तोडगा काढलेला होता. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातल्या, एका कोळशावर मांसाच्या काड्या भाजणाऱ्या साटेवाल्याच्या धुराच्या बोगद्यातून आम्ही काजळी खरवडायचो. ती अर्धी पिशवी हत्यारांच्या पेटीत घालून बंगल्यावर न्यायची, शेकोटीसमोर प्लास्टिकचा पडदा लावायचा, आत ब्रश आपटायचा, आणि मग ती पिशवी दोन्ही हातांनी धरून, अवघडल्यासारखा चेहरा करून, बाहेर यायचं. बुओना व्हिस्टाजवळच्या एका बंगल्यातल्या म्हाताऱ्या साहेबांनी माझ्या पहिल्या वर्षी पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "बाप रे, एवढं होतं आत?" त्यांना साटेचा वास आला असणार. पण त्यांनी मला लिंबाचं सरबत दिलं.

काम झालं की फॉर्म. त्यावर बावीस रकाने आणि प्रत्येकापुढे तीन चौकोन: उत्तम, ठीक, लक्ष द्यावे. सुपरवायझरनं शिकवलं, कायम पहिल्या चौकोनात खूण करायची. दुसऱ्यात केली तर परत यावं लागतं. शेवटी चिमणीतज्ज्ञाची सही. ती मी वळणदार अक्षरात करायचो. गावाकडे ग्रामपंचायतीतसुद्धा कुणी माझी सही मागितली नव्हती.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला त्याच बंगल्यावर गेलो तर साहेब मायदेशी परतलेले, आणि नवी भाडेकरू एक उत्साही मॅडम. ती म्हणाली, "यंदा ख्रिसमसला आपण खरी लाकडं पेटवणार. तीस पाहुणे येतायत. एसी सोळावर लावायचा आणि शेकोटीपुढे बसायचं!" थंडी विकत आणून तिच्यावर शेक घ्यायचा हा बेत ऐकून सुपरवायझर म्हणाला, "व्हेरी गुड, मॅम." इथं आता खरोखर जाळ होणार होता, आणि गेल्या वर्षीच्या बावीस रकान्यांखाली सही माझी होती.

मग मी ती चूक केली. गुऱ्हाळावरून आलेला माणूसच ती करणार. आमच्याकडे हंगामाची पहिली काहील चढवण्याआधी चुलवाणात मूठभर चिपाडं पेटवतात आणि एक माणूस बाहेर धुराड्याकडे बघत उभा राहतो. तो "आला!" म्हणून ओरडेपर्यंत रसाला कुणी हात लावत नाही. मी बागेतून नारळाची वाळकी सोडणं उचलली, शेकोटीत पेटवली, आणि सुपरवायझरला बाहेर हिरवळीवर उभं केलं.

"आला का धूर?" मी आतून ओरडलो.

"नाही!"

"नीट बघा!"

"बघतोय की! काही धूर नाही. चांगलंच आहे ना, म्हणजे स्वच्छ आहे!"

तेवढ्यात वरून मॅडम ओरडली. धूर तिच्या झोपायच्या खोलीत उतरत होता, छताच्या पंख्याच्या भोकातून. ती जिना उतरून आली ती चिडलेली नव्हती. हात जोडून म्हणाली, "किती छान! अगदी माझ्या आजीच्या घरासारखा वास येतोय." सुपरवायझर म्हणाला, "एसीचा प्रॉब्लेम आहे मॅम, बघतो आम्ही."

मी सोडणं विझवली आणि छताच्या झडपेतून वर चढलो. इतक्या वर्षांत तिथं कंपनीचं कुणी चढलं नव्हतं, मीसुद्धा नाही. बॅटरी मारली. विटांची चिमणी खालून नीट वर आली होती आणि कौलांच्या हातभर खाली सपाट कापलेली होती. कधीतरी छप्पर नव्यानं शाकारताना, गळती नको म्हणून, कुणीतरी तिचा वरचा भाग काढून टाकला होता, तोंडावर फळी ठेवली होती आणि वरून कौलं घातली होती. आजूबाजूला जुनं वाळकं लाकूड, आणि साळुंक्यांनी आणून टाकलेलं गवत. म्हणजे शेकोटी होती, चिमणी नव्हती. बाहेरून छपरावर धुराडं दिसतच नाही, हे आजवर आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि या नसलेल्या चिमणीला आम्ही दरवर्षी बावीसपैकी बावीस मार्क देत होतो.

खाली येऊन मी सुपरवायझरला सगळं सांगितलं. तो फॉर्म पुढे करून म्हणाला, "खूण कर."

"चिमणीच नाहीये. याच्यात तसा रकाना कुठाय?"

"म्हणूनच म्हणतो, उत्तमवर कर." मग आवाज उतरवून म्हणाला, "तू लिहिलंस चिमणी नाही, तर बॉस विचारेल, गेल्या वर्षी तू साफ काय केलंस? सही कुणाची आहे? आणि परमिट पुढच्या महिन्यात वाढवायचंय तुझं. माहितीय ना?"

सगळे प्रश्न बिनतोड होते. माझं इंग्रजी हळू चालतं, घरी नेऊन भरतो, असं सांगून मी फॉर्म खिशात घातला. त्या रात्री आमच्या खोलीत बाकीचे घोरत असताना मी एकेक करून तीस पाहुणे मोजले.

रविवारी काकूंसमोर फॉर्म ठेवला आणि सगळं ओकलो, साटेवाल्याच्या काजळीसकट. काकू हसल्या नाहीत. त्यांनी आधी फॉर्मवरचा मॅडमचा नंबर फिरवला आणि स्पष्ट इंग्रजीत सांगितलं की जाळ करू नका. पलीकडून मॅडम प्रेमानं म्हणाली, "पण माझ्याकडे गेल्या वर्षीचं सर्टिफिकेट आहे ना. सगळं उत्तम आहे त्यात."

काकूंनी फोन ठेवला. "तुझ्या सहीवर फारच विश्वास आहे रे लोकांचा."

"काकू, तुम्ही छान इंग्रजीत लिहून द्या, मी सही करतो."

"अजिबात नाही. इतके दिवस तेच केलंस ना? मजकूर दुसऱ्याचा आणि सही तुझी. आता तू काय बघितलंस ते तू लिही."

दोन तास लागले. वेगळ्या कागदावर तीन ओळी झाल्या. खाली धूर केला. वर धूर आला नाही, कारण चिमणी छताच्या आत कापलेली आहे. इथं आग पेटवू नका. काकूंची लेक खांद्यावरून वाचत होती. "अंकल, युवर हॅंडरायटिंग लाइक चिकन लाह," ती तिथल्या इंग्रजीत म्हणाली. तिच्या आईनं तिला डोळ्यांनीच आत पाठवलं.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर ऑफिसात," काकू म्हणाल्या.

"नको काकू, मी बोलेन."

"तुला बोलता येत नाही म्हणून नाही येत मी. तू घाबरलास की हो म्हणतोस, म्हणून येते."

सोमवारी सकाळी आम्ही दोघं एमआरटी रेल्वेनं जुरोंग ईस्टला गेलो. बॉसनं माझ्या तीन ओळी वाचल्या, कागद टेबलावर टाकला आणि मला म्हणाला, "लिहायला कुणी सांगितलं? सरळ घरी जा. इंडियाला." मग त्याचं लक्ष काकूंकडे गेलं. "आणि तुम्ही कोण? वकील?"

"मी याची आंटी," काकू म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

वकील आला असता तर बॉसनं त्याला जायला सांगितलं असतं. पण त्या देशात आंटीला असं सांगायची पद्धत नाही. काकूंनी माझा कोरा फॉर्म पर्समधून काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. "याचा कागद फाडून टाका, हरकत नाही. इथं उत्तम म्हणून खुणा करा आणि खाली तुमची सही करा. मी स्वतः नेऊन देते मॅडमना."

बॉसनं फॉर्म सुपरवायझरकडे सरकवला. सुपरवायझर म्हणाला, "मी बागेत होतो. मी काहीच बघितलं नाही." त्या कंपनीत मी ऐकलेलं हे सर्वांत खरं विधान. फॉर्म परत बॉसकडे आला. तो पेन शोधू लागला. टेबलावर बघितलं, खणात बघितलं. पेन त्याच्या शर्टाच्या खिशात होतं, आम्हा तिघांनाही दिसत होतं.

"सावकाश शोधा," काकू म्हणाल्या. पर्समधून त्यांनी गवारीची पिशवी काढली, मांडीवर पेपर पसरला आणि शेंगा निवडायला घेतल्या. ऑफिसात कट्, कट् असा आवाज येत राहिला. मी भिंतीला टेकून विमानतळावर नेण्याच्या बॅगेत काय काय भरायचं याची मनातल्या मनात यादी करत होतो.

अर्धी पिशवी निवडून झाली तेव्हा बॉस म्हणाला, "टायपिस्टला बोलवा."

माझ्या तीन ओळी त्यानं टाईप करून घेतल्या. वर मथळा घातला: विशेष धूर-चाचणी. खाली चिमणीतज्ज्ञ म्हणून माझंच पद. कागद मॅडमकडे गेला. मॅडमनं फोन करून कंपनीचे आभार मानले, असा प्रामाणिकपणा हल्ली कुठं बघायला मिळतो म्हणाली, आणि शेकोटी बुजवायचं काम आम्हालाच दिलं. आम्ही आत लाल बल्ब आणि कागदाची लाकडं बसवली. त्याचाही फॉर्म होता. बल्ब उत्तम आहे, असं मी सही करून दिलं, पण दोनदा लावून आणि विझवून बघितल्यावर.

परमिट वाढलं. बॉस मला त्यानंतर कधी रागावून बोलला नाही, प्रेमानंही बोलला नाही. छापील पत्रकात नवी ओळ आली: पारंपरिक भारतीय धूर-चाचणी, फक्त आमच्याकडे. साटेवाल्याकडची फेरी मात्र बंद झाली नाही. चाचणीत पास झालेल्या चिमण्यांनाही काजळी लागतेच, असं सुपरवायझरचं म्हणणं. ती पिशवी नेण्याचं काम मी सोडलं, एवढंच मला करता आलं.

परमिटचा कागद हातात आल्यावर मी थेट बिशानला गेलो आणि दारातच काकूंच्या पाया पडायला वाकलो. त्या मागे सरकल्या. "आधी हात धू. फरशीवर ठसे उमटतायत." मग मी हात धुऊन आलो आणि पुन्हा वाकलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत जाऊन पोळ्या लाटू लागल्या.

काकू, हे तुम्ही वाचाल तेव्हा "कशाला लिहिलंस रे" म्हणाल. तुमच्यासाठी मी काही आणलं तर तुम्ही घेत नाही, हे मला माहीत आहे. पण काका बोटीवर असताना तुम्हालाही शाळेत, बँकेत, दवाखान्यात एकटीनंच टेबलापलीकडच्या माणसासमोर उभं राहावं लागायचं, हे मी त्या रविवारांमध्ये बघितलंय. तसा दिवस पुन्हा आला तर फोन करा. मी कुठंही असलो तरी येईन, तुमच्या शेजारी खुर्ची ओढून बसेन, आणि तुमचं काम झाल्याशिवाय उठणार नाही.