सानूचा उजवा कान आम्ही लपवणार नाही

"राइट इयर में प्रोफाउंड लॉस है. लौटने की उम्मीद बहुत कम है," राजा पार्कमधल्या कानाच्या डॉक्टर म्हणाल्या. माझी सात वर्षांची सानू शेजारच्या स्टुलावर पाय हलवत बसली होती.

सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस, म्हणजे आतला कान किंवा त्याची नस निकामी होणं. प्रोफाउंड, म्हणजे त्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कारण मम्प्स, आपलं साधं गालगुंड.

त्या तपासणीच्या तीन आठवडे आधी तिचे गाल सुजले. चार दिवस ताप आणि पेज. सूज उतरली आणि आम्ही निर्धास्त झालो. मग आजीचा फोन उजव्या कानाला लावला की सानू म्हणायची, "आजी बोलतच नाही." मी दहा दिवस नेटवर्कला शिव्या घातल्या. तुम्ही तसं करू नका. मूल मान वळवून ऐकायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, ऑडिओमेट्री करा. हेडफोन लावून एकेक कान तपासतात, दुखत नाही.

गालगुंडाच्या लसीचा शेवटचा डोस राहिला होता. नवरा बँकेत, दर तीन वर्षांनी बदली, आता या हिंदी मुलखात. लसीचं कार्ड नाशिकहून आलेल्या खोक्यात होतं आणि पुन्हा बांधावंच लागणार म्हणून ते खोकं आम्ही फोडलंच नव्हतं. चूक आमची, शंभर टक्के.

स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या. पुन्हा तपासणी, पुन्हा दवाखान्यातलं बाकडं. ऑडिओमेट्रीचा आलेख जागचा हलला नाही.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "कुठे बोलू नकोस गं. मुलीची जात आहे."

माझं डोकंच फिरलं. पोरीने काय चोरी केलीय? शाळेत दर सोमवारी मुलांच्या जागा बदलतात. बहिरा कान बाईंकडे आला की हिचं "लक्ष नसतं". लपवलं तर हाच शिक्का कायमचा. मी सानूलाच विचारलं.

"सांग ना सगळ्यांना. मतलब, मला सारखं 'क्या, क्या' नाही करावं लागणार."

वर्गाच्या ग्रुपवर मी सगळं लिहिलं, आमच्या चुकीसकट. मुख्याध्यापिकांचा फोन आला, "पैनिक मत फैलाइए." मी रिपोर्ट घेऊन त्यांच्या समोर जाऊन बसले. डावा कान बाईंकडे राहील अशी कायमची जागा पक्की करूनच उठले. ग्रुपवर वाचून दोन आयांनी मुलांना राहिलेले डोस देऊन आणले, त्यांचे मी आभार मानते.

कान परत आलेला नाही. परवा पालकसभेत वर्गशिक्षिका सवयीने उजवीकडून बोलू लागल्या. मी तोंड उघडणार, तोच सानू म्हणाली, "मैम, उधर से नहीं. इधर आकर बोलिए."

मॅडम वळसा घालून डावीकडे आल्या आणि सगळं पहिल्यापासून बोलल्या.