सायमनच्या हातचा पहिला ग्लास

चार माणसं दर रविवारी एकाच जागी बसली की किस्से केळीच्या कोंबांसारखे फुटतात. एक काढावा तर बाजूला दोन तयार! वसईजवळच्या नंदाखाल गावातले आमचे रविवार तसेच. सायमन, त्याची बायको रिटा, आमचे हे आणि मी. बसायचं त्यांच्या वाडीत, बावखलाच्या म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठाला, कारण उन्हाळ्यात पाण्यावरून जरा गार वारा येतो. हल्ली सांगता सांगता मी मध्येच उठून जाते. तेवढं चालवून घ्या.

सायमन इटालियन बोटीवर बारमन. गोऱ्यांना उन्हाळ्यात एक केशरी, फसफसतं पेय लागतं, स्प्रिट्झ म्हणतात. याने हयातभर ते दुनियेला पाजलं, आणि घरच्या बायकोने थेंब पाहिला नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा निघाला तेव्हा शब्द देऊन गेला, "घरी बनवीन तेव्हा पहिला ग्लास तुझा."

रिटा म्हणाली, "आणि मी पिईन तर तुझ्याच हातचा!"

*

एका सुट्टीत सायमन सगळं सामान घेऊन आला. फसफसती वाइन, त्यात घालायची कडवट केशरी दारू, सगळं. "वाइन एकदम थंड पाहिजे," म्हणाला आणि सोडा आणायला माणिकपूरला गेला. रिटाने बाटली उचलली ती थेट फ्रीझरमध्ये, सुरमईच्या शेजारी! मग आम्ही दोघी गप्पांत रंगलो. संध्याकाळी आतून फाट्कन आवाज. उघडून बघतो तर काचा, बर्फ आणि फेस. सायमन सोड्याची पिशवी घेऊन दारातच उभा.

"असा काय बघतोस?" रिटा म्हणाली. "माझ्याआधी सुरमईने नंबर लावला!"

*

पुढच्या खेपेला तो आला तो ऐन उपवासकाळात. रिटा त्या बाबतीत कडक. मासे नाहीत, मटण नाही, दारूचं तर नावच नको. "ईस्टरला पिऊ," म्हणाली. आणि ईस्टरच्या तोंडावर कंपनीचा फोन, लगेच निघा! सायमनचा चेहरा बघवेना. आमचे हे म्हणाले, "वहिनी, एक दिवस देवाला सांगा ना, सांभाळून घे म्हणून."

"देव घेईल हो सांभाळून, भावजी. पण एकदा थांबायचं ठरवलं की मी थांबते."

*

तो गेल्यावर ती फार उदास झाली. मला राहवेना. म्हटलं, त्यात काय एवढं, आपणच बनवू! ऑरेंज स्क्वॅश घेतलं, बुडबुड्यांसाठी इनो टाकलं. कडवटपणा कुठून आणायचा? आमच्या ह्यांनी डोकं लढवलं आणि कारल्याचा रस काढला!

"घोटभर चव बघते, पण हा मोजायचा नाही हं, सुमन," रिटाने बजावलं. घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

मग म्हणाली, "हे पाजतो, आणि वर त्याला पगार देतात?"

*

शेवटी सायमन रिटायर होऊन कायमचा घरी आला. आता रोज ईस्टर, असं आम्हाला वाटलं. पण रिटा विसरायला लागली होती. आधी चाव्या, मग डाळीतलं मीठ, मग माझं नाव. त्यात डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि दारू बंद सांगितली. पहिला ग्लास रिटाचा, म्हणून सायमन आम्हालाही देईना. ह्यांना शिकवायचा, तेही सरबतावर! "भरपूर बर्फ. तीन भाग वाइन, दोन भाग केशरी, एक भाग सोडा. चमचा एकदाच फिरवायचा, नाहीतर बुडबुडे मरतात." आमचे हे आपले खळखळ खळखळ.

"भावजी, ताक करताय का?" रिटा खुर्चीतून ओरडली. त्या दिवशी ती अगदी आमची रिटा होती. मी आत जाऊन रडून घेतलं.

*

मग ती फाटकापाशी उभी राहायला लागली. सायमन आज बोटीवरून येणार म्हणून! सायमन घरातच, तिच्या मागे. "अगं, मी इथे आहे," म्हटलं तर चिडायची. एके दिवशी त्याने बॅग उचलली, मागच्या दाराने बाहेर पडला आणि रस्त्याला वळसा घालून पुढच्या फाटकातून आला. "आलास!" म्हणून तिने त्याला घट्ट धरलं.

त्यानंतर हा वरचेवर बोटीवरून यायचा. आमचे हे म्हणायचे, "नोकरीत असताना एवढी रजा मिळाली असती तर!"

या वर्षी तेही थांबलं. बॅगवाल्या म्हाताऱ्याला तिने फाटकातूनच सांगितलं, "माझ्या नवऱ्याचे केस काळे आहेत."

*

या मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, "आता त्यांना आवडेल ते द्या." असं कधी म्हणतात ते सगळ्यांनाच कळतं. सायमन दुसऱ्याच दिवशी निघाला. मुंबईला जाऊन सामान घेऊन आला.

रविवारी रिटाला बावखलाच्या काठाला खुर्चीत बसवलं. सायमनने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मोठ्या ग्लासात बर्फ, वाइन, केशरी, सोडा. चमचा एकदाच फिरवला. संत्र्याची चकती लावली. ट्रे घेऊन तिच्यापुढे वाकला.

रिटाने ग्लासकडे डोळे भरून पाहिलं. "किती सुंदर रंग आहे!" मग त्याच्याकडे बघून हसली, आणि ग्लास हळूच मागे सारला.

"राग मानू नका हं. तुम्ही एवढं प्रेमाने आणलंत. पण माझा नवरा बोटीवर हेच बनवतो. पहिला ग्लास त्याच्याच हातचा प्यायचा, असं आमचं ठरलंय. तो येईपर्यंत मी थांबणार आहे."

आमचे हे उठून वाडीत पार आत निघून गेले. सायमन तसाच वाकलेला.

"बरोबर आहे, मॅडम," तो म्हणाला. "थांबा तुम्ही. येईलच तो."