आई बुफेत वाढू लागली

"वाढायला बाई ठेवली वाटतं इथं," रांगेत माझ्यापुढे उभी असलेली कॉलेजची मैत्रीण म्हणाली. मी हातातलं ताट उगाच पुसू लागले. ती बाई माझी आई होती.

माझ्या निकालाच्या आनंदात आम्ही दोघी सेलूहून परभणीला बुफे जेवायला आलो होतो. मैत्रीण तिथेच अचानक भेटली; तिने आईला आधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे पंगतीत कुणी स्वतःच्या हाताने वाढून घेत नाही, ते हावरटपणाचं दिसतं. त्यामुळे पुढच्या आजोबांचं रिकामं ताट पाहून आईने भाजीचा डाव उचलला आणि टेबलामागेच जाऊन उभी राहिली. "घ्या की काका, लाजायलाव कशाला?" लोकही मुकाट्याने ताट पुढे करत होते.

"बिचारीला युनिफॉर्म तरी द्यायचा," मैत्रीण म्हणाली, तेही हळू नाही. माझे कान तापले. रांग सोडून जावं असं वाटलं, पण तोवर मी आईसमोर पोचले होते.

आईने आधी मैत्रिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने सगळं ऐकलं होतं. परक्या माणसाला विचारावं तसं तिने मला विचारलं, "तुमाला काय वाढू, ताई?"

"आई," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला भात वाढ. आणि तुझंही ताट घे."