बाबांनी दुसऱ्याच्या क्वार्टरमध्ये प्यायलेला चहा

बाबा गेल्यापासून मला एकच धास्ती होती: त्यांची आठवण माझ्याच हातून बिघडणार. ही धास्ती माझ्या मुलीने लावली. ती बायोकेमिस्ट्री शिकते.

"प्रसंग घडतो तेव्हा मेंदूतल्या पेशींचे जोड तात्पुरते घट्ट होतात," तिने सांगितलं. "टिकायचे तर पेशीतली जनुकं जागी व्हावी लागतात, नवी प्रथिनं बनावी लागतात. पण पप्पा, आठवण काढली की तो जोड पुन्हा सैल होऊ शकतो. परत पक्का करायला परत प्रथिनं लागतात. तेवढ्यात भलतंच काहीतरी आत शिरतं."

मला घाम फुटला. कारण बाबांची एक गोष्ट मी आयुष्यभर ज्याला-त्याला ऐकवली होती. कारखान्याच्या वसाहतीत सगळी क्वार्टर्स एकसारखी: तोच हिरवा दरवाजा, तोच जाळीचा व्हरांडा. बाबा एकदा पहिली पाळी संपवून पलीकडच्या ओळीतल्या क्वार्टरमध्ये शिरले, बूट काढले, खुर्चीत टेकून चहा मागितला, त्या घरच्या मुलाला अभ्यासावरून झापलं आणि शेवटी विचारलं, "आपल्याकडे हे कप कधी आले?"

ही गोष्ट जपायची म्हणून मी ती आठवणंच बंद केलं. मनात आली की विजेच्या बिलाची तारीख घोकायचो.

वर्षश्राद्धाच्या पंगतीत आईने नेमकी तीच गोष्ट काढली.

"आई, नको. प्रथिनं सैल होतात."

"प्रथिनं वरणात आहेत. जेव गुपचूप."

मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर, हबीबगंजहून आलेले, त्या पलीकडच्या क्वार्टरचे काका वडा खात होते. मी त्यांना म्हणालो, "काका, खरं काय घडलं ते आज एकदा पक्कं करून घेऊ या."

काकांनी वडा खाली ठेवला. "अरे बाप्पा, आता विचारलंच आहे तर सांगतो. ते आमच्याकडे नव्हते आले. मी तुमच्याकडे आलो होतो. वहिनी तेव्हा भाजी आणायला गेल्या होत्या. तुझ्या बाबांनी चकार शब्द न काढता स्वतः चहा करून दिला. आणि तुला मी सातचा पाढा विचारला. येत नव्हता."

माझे कान तापले. तेव्हाचं खरंच आठवून, की आताच तशी आठवण तयार होऊन, देव जाणे.

आईचा चेहरा उतरला. बाबांना हसायला तिच्याकडे ही एकच गोष्ट होती. बाकी आयुष्यभर तो माणूस कधी चुकलाच नव्हता. आणि माझ्या चौकसपणाने मी ती तिच्या ताटातून उचलून घेतली होती.

"मग यांनी हसण्यासारखं काय केलं?" तिने विचारलं.

"काही नाही. चहा दिला."

आईने भात कालवला. मग म्हणाली, "भाऊजी, तुमचंच खरं असेल. पण तुम्ही अजून आहात, तुमच्या आणखी गमती होतील. ही यांच्याकडेच राहू द्या."

काकांनी एकदा माझ्याकडे रागाने पाहिलं. "वय झालं, वहिनी. माझीच गल्लत. आमच्याकडेच आले होते. वर दोन चमचे साखर मागितली."

"तीन," आई म्हणाली.

मलाही तीनच दिसत होते.