पाहुण्यांच्या हातात फडकं

काळ्या समुद्रावरचा पाऊस आमच्या गावात नुसता पडत नाही, मुक्कामाला येतो. त्या ऑक्टोबरातही तो हेझलनटाच्या बागांपासून बंदरापर्यंत सगळं भिजवत बसला होता. सानियेताई मात्र नेहमीसारखी उजाडायच्या आत शाळा उघडून, वर्ग झाडून, लांबलचक व्हरांडा पुसायला लागली होती. पुसत पुसत ती मागं सरकायची. स्वतःचं पाऊलसुद्धा ओल्या फरशीवर उमटलेलं तिला खपायचं नाही.

सानियेताई आमच्या हायस्कुलाची झाडूवाली, शिपाईण आणि खरं सांगायचं तर मालकीण. हेडमास्तर बदलून जातात, ताई आहे तिथंच आहे. नवरा मासेमारीच्या बोटीवर, लेकरं लग्नं होऊन इस्तंबूलला. चिखलाच्या बुटांनी कुणी आत शिरला की ती दारातच धरायची. ‘आईच्या गालिच्यावर असाच नाचतोस का रं?’ मी तिथं इंग्रजी शिकवतो, पण बुटांच्या बाबतीत मलाही सवलत नव्हती.

त्या सोमवारी जपानहून हायस्कुलाची पोरं आली. आमची पोरं वसंतात तिकडं जायची होती, त्याआधी त्यांनी इकडं यायचं, आमच्या पोरांच्या घरी राहायचं, नाच-गाणी शिकायची, शिकवायची, असा बेत. ती पोरं दारात आली आणि न सांगता बूट काढून, ओळीत लावून, मोज्यांवर उभी राहिली. ताईनं छातीला हात लावला. ह्यांच्या आयांचे हात चुंबायला पाहिजेत, म्हणाली. दुपारपर्यंत आळीतल्या घराघरांतून पाहुण्यांच्या सपाता गोळा करून आणल्यासुद्धा.

हे प्रेम शेवटच्या घंटेपर्यंत टिकलं.

घंटा झाली तशी आमची पोरं पाखरांसारखी उडाली. जपानी पोरं उठली, बाकं बाजूला सारली आणि केरसुणी मागायला लागली. त्यांच्याकडं शाळा सुटली की पोरंच शाळा झाडून पुसून घेतात. मी ताईला समजावून सांगितलं. तिचा चेहरा पडला.

“म्हणजे मी झाडलेलं ह्यांस्नी पटलं न्हाई?”

तसं नाही, म्हटलं, रीतच आहे त्यांची.

“आन आपली रीत? पाहुण्याच्या हातात केरसुणी दिली तर गावात तोंड कुठं दाखवू मी, मास्तर?”

खरंच होतं ते. आमच्याकडं पाहुण्याला चहाचा रिकामा पेलासुद्धा स्वयंपाकघरात नेऊ देत नाहीत. तिनं केरसुण्यांच्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली झग्याच्या आत खोचली.

दुसऱ्या दिवशी पोरांनी दप्तरातनं घरून शिवून आणलेली फडकी काढली. फरशीवर दोन्ही हातांनी फडकं धरायचं, बूड वर करायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटायचं. आमची पोरं गेटापासून माघारी आली आणि शिट्ट्या मारत खिडक्यांत बसली. ताई कपाटाला पाठ लावून उभी. जणू कपाटसुद्धा पळून त्यांना सामील होईल.

संध्याकाळी बातमी चहाच्या दुकानात. रात्र पडायच्या आत नणंद सबाहत मुद्दाम ताईच्या दारात आली.

“वहिनी, परदेशातनं मोलकरणी मागवल्यास म्हणं. माझ्या खिडक्यांस्नीबी दोघीतिघी धाड की.”

बुधवारी ताईनं व्हरांडा इतक्यांदा घासला की क्लोरीनच्या वासानं हेडमास्तरांचे डोळे पाणावले. मळच उरला नाही तर पोरं पुसतील काय, असा तिचा हिशेब. पोरांनी स्वच्छ फरशी तितक्याच चवीनं पुसली. मग ती हेडमास्तरांकडं गेली, म्हणाली, मनाई करा. ते म्हणाले, ही त्यांची संस्कृती आहे, देवाणघेवाण म्हणतात ती हीच.

“संस्कृती तुमची, सायेब. अब्रू माझी जातीय.”

गुरुवारी कोतोने नावाची एक किडकिडीत पोरगी मला घेऊन ताईपुढं आली आणि कमरेत वाकली. आमच्याकडून काही चुकलं का, ताई आमच्यावर का रागावल्या, एवढंच विचारायचं होतं तिला. मी ते ताईला आमच्या भाषेत सांगितलं. ताई पोरीच्या गुडघ्यांकडं बघत राहिली. पळताना फरशीवर आपटून, सोलवटून लाल झाले होते.

“मास्तर, ही पोरं आली कधी?”

“सोमवारी.”

तिनं बोटं मोजली. पाहुणेपण तीन दिवसांचं असतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. त्याच्यापुढं राहिला तो घरचा.

“हिला सांगा, तुमचं पाहुणेपण काल सरलं. आजपास्नं तू घरची लेक. आन लेकीनं कामाला हात लावला म्हणून आईची अब्रू जात न्हाई कधी.”

किल्ली बाहेर आली. मग तिची नजर खिडकीत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेल्या आमच्या पोरांवर गेली.

“आन तुमी? तुमी काय कालचे पाहुणे? उतरा खाली.”

उतरली. कोण नाही म्हणणार? त्या दुपारी व्हरांड्यात अशी काही शर्यत झाली की हेडमास्तरांना भिंतीला चिकटून जावं लागलं. सबाहत परत आली होती, गंमत बघायला. ताईनं तिला दारातच सांगितलं, “लेकी हायत माझ्या. बूट काढ आधी.”

संध्याकाळी पोरं घरोघरी गेल्यावर ओली फडकी कठड्यावर रांगेनं वाळत पडली होती. ताईनं एक उचललं, पिळून बघितलं. काळं पाणी गळलं. “एकालाबी नीट पिळता येत न्हाई,” ती पुटपुटली, आणि सगळी फडकी बादलीत कोंबून मागच्या नळावर धुवायला बसली.