थोडा तरी कर

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, आमच्या बराकीसमोर फाळणीत सिंधमधून उठून आलेला एक शिंपी बसायचा. बोलता बोलता समोरच्याच्या सदऱ्याचं कापड चिमटीत धरून पाहायची त्याला खोड होती. एडनला जाऊन, कुणाची चाकरी न करता, स्वतःचं मशीन चालवायचं त्याच्या मनात होतं. देश सोडण्याआधी आयकराचा दाखला लागायचा. मला नसत्या चौकशा फार, म्हणून मीही कचेरीत सोबत गेलो.

"तुम्हाला कर लागतच नाही," म्हणत कारकुनाने दाखला पुढे केला. दुसरा कुणी खूश झाला असता. हा हात जोडून म्हणाला, "थोडा तो लगाओ, साब."

बाहेर आल्यावर मी न राहवून कारण विचारलं. दाखल्याचा कागद कापडासारखा चिमटीत चाचपत तो म्हणाला, "एक मुलुक तो गया. इधर कुछ भरेगा, तो लौटने पर कोई बोलेगा ना, ये हमारा आदमी है."