चहाच्या रंगाचा प्लग

चहा आला तरी ते लगेच पीत नसत. एका हातात ग्लास उजेडाकडे धरायचा, दुसऱ्या हातात इंजिनातून काढलेला प्लग, आणि दोन्हींचे रंग ताडून बघायचे. मग निकाल. "काळा हाय. अजीर्ण झालंय हिला." नाहीतर, "पांढरा पडलाय. उपाशी हाय बिचारी." प्लग चहाच्या रंगाचा निघाला तरच पहिला घोट. त्यामुळे आमच्या खारबावच्या मिस्त्रींनी आयुष्यात गरम चहा कधी प्यायला असेल, असं मला वाटत नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही नाक्यावर असेल. पण आमच्या मिस्त्रींची गाठ ज्या मशीनशी पडली, तसलं मशीन तुमच्याकडे नक्की नसेल.

आमच्या घरी आधी मशीन नव्हतंच. पहार होती. माझे बाबा कुंपणाच्या खांबांचे खड्डे खणायचे. दिवसाला पंधरा, मुरूम लागला तर आठ. मी घराण्यातली पहिली पदवीधर, बी.एस्सी. फिजिक्स, ती त्या पहारेच्या जोरावर. हे सांगायला मला लाज वाटत नाही, उलट मी जरा जास्तच सांगते. माझा निकाल लागला आणि त्याच पावसाळ्यात बाबांची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा पहार उचललीत, तर चालणं विसरा."

मी तेव्हा कशेळीच्या एका गोदामात नोकरीला लागले होते. गिऱ्हाइकांनी परत केलेला माल तिथे लॉटमध्ये स्वस्तात विकायला निघायचा. त्यात मला पेट्रोलवर चालणारं, जमिनीत भोक पाडणारं मशीन दिसलं. पहिल्या पगारात उचलून आणलं. खोक्यावरचं चित्र मी घरी आल्यावर नीट बघितलं. जाड कोट घातलेला एक माणूस गोठलेल्या तळ्यावर उभा होता आणि हेच मशीन बर्फात घुसवत होता.

मिस्त्रींनी खोकं फिरवून फिरवून पाहिलं.

"काय करतोय ह्यो?"

"बर्फाला भोक पाडून खालचे मासे पकडतात, काका."

"आपल्यात मासा पकडला की मंग बर्फात टाकतात. ह्यांचं उलटंच हाय."

ते पूर्वी भिवंडीत लूमवर फिटर होते. लूम बंद पडले तसे पंप, होडीचं इंजिन, गवत कापायचं मशीन, जे येईल ते दुरुस्त करू लागले. मला त्यांनी नावाने कधीच हाक मारली नाही. "ए कॉलेज" म्हणायचे. सुरुवातीला राग यायचा. नंतर दुसऱ्या कोणी नावाने हाक मारली, तरी मी वळून बघेनाशी झाले.

बर्फ कापायची पाती मुरुमात दोन खड्ड्यांत बोथट झाली, म्हणून त्यांनी माती खणायचं गिरमिट वेल्डिंग करून बसवलं. तरी मशीन धूर ओकायचं आणि जोर लागला की गुदमरायचं. प्लग काढला, तर तव्यासारखा काळा.

"हिला थंडीची सवय. थंडीत पेट्रोल जास्त लागतं. इथल्या उन्हात तेवढंच पाजलं तर पचंल का?" म्हणत त्यांनी कार्बोरेटरचा बारीक पेच पाव फेरा आवळला. ऐकलं. अजून थोडा. मशीन जमिनीत घातलं, पुन्हा ऐकलं. ऐकताना डोळे मिटायचे आणि एक बोट वर करायचे. तेवढ्यात कोणी शिंकलं, तरी शिव्या. शेवटी म्हणाले, "कॉलेज, तुझी नेलपॉलिश आन." पेच जिथे थांबला, तिथे त्यांनी लाल टिपका दिला. "ह्याला हात लावायचा न्हाय. तू तर बिलकुल न्हाय."

मशीन दिवसाला साठ खड्डे पाडू लागलं. आमचा चुलतभाऊ ते धरायचा, बाबा खुर्चीवर बसून जागा दाखवायचे. खड्डा सरळ गेला नाही, तर त्यांच्या चेहऱ्यावर पहारेची आठवण स्पष्ट दिसायची.

मग दसरा आला. त्याच आठवड्यात एका रोपवाटिकेच्या कुंपणाचं काम मिळालं. दीडशे खड्डे, चार दिवसांची मुदत. पहिल्याच सकाळी मशीन पाच मिनिटं चाललं आणि बंद पडलं. दहा मिनिटं थांबलो, पुन्हा पाच मिनिटं चाललं. मी रजा टाकून गेले. पदवीधर होते, फोनवर चार व्हिडिओ बघितले आणि लाल टिपक्यावरचा पेच फिरवला. मग दुसराही फिरवला. आता मशीन दोन मिनिटांतच बंद पडू लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीवर नव्हते. पडवीतली पहारही नव्हती. मी धावत रोपवाटिकेत गेले, तर कमरेला पट्टा बांधून ते खड्ड्यापाशी उभे. पहार अजून टेकवलेलीच होती.

"बाबा, ठेवा ती."

"शब्द दिलाय, पोरी. मशीन तुझं हाय, शब्द माझा हाय."

मी चुलतभावाला स्कूटरवर पिटाळलं. मिस्त्री आले. आधी टिपका बघितला, मग माझ्याकडे.

"किती फिरवलास?"

"मोजलं नाही."

"मोजल्याबिगर? आन ही शिकलेली!"

त्यांनी पेच जागेवर आणले, मशीन चालू केलं, डोळे मिटले. पाचव्या मिनिटाला ते गुदमरायला लागलं, तेव्हा शांतपणे पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स! टाकीने जोरात श्वास घेतला आणि मशीन पुन्हा तालात आलं. झाकण उलटंसुलटं करून ते मोठ्याने हसले.

"वयनीला बोलाव."

दसऱ्याला आईने मशीनची पूजा केली होती. मशीनचं कपाळ कोणतं? तर सगळ्यात वरचं गोल झाकण. त्यावर तिने भरघोस हळदकुंकू लावलं, आणि झाकणाच्या मधोमध हवेसाठी सुईएवढं भोक असतं, ते तेलात कालवलेल्या कुंकवाने गच्च बुजलं.

आई आल्यावर मिस्त्री म्हणाले, "वयनी, कुंकू कपाळाला लावतात, नाकात न्हाय भरत." मग माझ्याकडे वळले. "कॉलेज, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का?"

"दोन पाडावी लागतात. एक हवेला."

"मंग? हे कॉलेजात न्हाय शिकवत?"

शिकवतात. हवेच्या दाबावर मी परीक्षेत अख्खं पान लिहून आले होते.

मिस्त्रींनी टाचणीने भोक मोकळं केलं. मग बाबांच्या हातातून पहार काढून घेतली आणि मशीनची मूठ त्यांच्या बोटांवर नुसती टेकवली. "लागली का थरथर? अशी एकसारखी लागली, की समजायचं बरी हाय." बाबांनी मान हलवली आणि खुर्चीवर जाऊन बसले. दीडशेवा खड्डा चौथ्या दिवशी उन्हं कलताना पडला.

मिस्त्री गेल्या वर्षी गेले. त्यांच्या शेडच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. आमच्याकडे तीन मशीन आहेत. दर रविवारी मी त्यांचे प्लग काढते आणि ग्लासाशेजारी धरून बघते. चहा गार होतो. आई दसऱ्याला कुंकू लावते, पण झाकणाच्या कडेला.

पहार परसात उभी रोवलीय. तिच्यावर वालाचा वेल चढलाय. त्या दिवसानंतर बाबांनी ती एकदाही उचललेली नाही.